साखर उपासाला चालते

बिस्किटाचा तुकडा तू जिभेने बाहेर ढकललास. ओठांवर भुगा राहिला. "आज चतुर्थी हाय गो," तू बोललीस, "बिस्कुट चालत नाय." आवाज जड झाला होता, शब्द एकमेकांवर पडत होते. डोक्यावर पंखा फिरत होता आणि तुझं कपाळ घामाने निथळत होतं. मी माझ्या खाटेवरून वाकून तुझ्यापर्यंत एक हात पोचवला होता, दुसऱ्या हाताने खाटेचा दांडा धरला होता. तुझ्या गालाला हात लावला तर बर्फातल्या पापलेटासारखा गार.

तुझी साखर उतरली होती, चांगुणा. मला लगेच कळलं. मागे एकदा तुला असंच झालं होतं तेव्हा डॉक्टर सांगून गेले होते, असा घाम फुटला की ताबडतोब गोड द्या. साखर दिली असती तर तू गिळली असतीस. साखर उपासाला चालते. पण खोलीत साखर नव्हती. शुगरच्या पेशंटच्या खोलीत साखर ठेवायची नाही, असा इथल्या वृद्धाश्रमाचा नियम. माझ्याजवळ होती ती मारी बिस्किटं, आणि ती तुझ्या गणपतीला चालत नव्हती.

बेल होती, पण तिची वायर गुंडाळून वर खिळ्याला बांधलेली. आपल्या खोलीतल्या तिसऱ्या, मास्तरीणबाई, दिवसभर ती दाबत बसायच्या म्हणून. जन्मभर शाळेत शिकवलं त्यांनी, आता स्वतःच्या मुलाचं नाव सांगता येत नाही. माझा वॉकर समोरच्या भिंतीला टेकवलेला. लादी पुसली की वॉकर तिकडे नेऊन ठेवायचे, ओल्यात उठून आम्ही पडू नये म्हणून. माझा खुबा मोडलेला, वॉकरशिवाय मला पाऊल टाकता येत नाही हे तुला ठाऊक आहे.

खोलीत धडपणे चालणाऱ्या एकट्या मास्तरीणबाई. मी त्यांना म्हटलं, बाहेर जा, आपल्या मजल्याच्या आयाबाईला, शोभाला बोलवून आणा, चांगुणाला बरं नाही. त्या लगेच उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. मी तुझा हात चोळत बसले. त्या परत आल्या त्या कुंडीतलं जास्वंदीचं फूल घेऊन. "तुम्हीच मागवलंत ना पूजेला?" मी परत पाठवलं. त्या दुसऱ्यांदा गेल्या त्या आल्याच नाहीत.

मग मी तांब्या फेकला. दारावर आपटून तो बाहेर व्हरांड्यात गेला, त्याच्या मागून पेला फेकला, मग ताटली. शोभा आली ती चिडूनच. "काय आजी हे? उपवासाचं माणूस आहे, पडू द्या ना जरा." तिचाही त्या दिवशी उपास होता. तिलाही ग्लानी आली होती, बाकावर डोकं टेकून बसली होती बिचारी. मग तिने तुझा चेहरा पाहिला आणि स्वयंपाकघराकडे धावली. साखर घेऊन आली तेव्हा तुझी दातखीळ बसली होती.

रुग्णवाहिकेतून तुला पनवेलला नेलं. तिथे तू डोळे उघडले नाहीस. बिस्किट चालत नाही, हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तुझ्या सुरेखाने फोटोखाली छापायला दोन ओळी मागितल्या. मी तिला सांगितलं, तुझी आई दोन ओळींत मावणारी बाई नव्हती, पोरी, तू छापशील तेवढं छाप, मी लिहायचं ते लिहिते. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, तेवढं पुरतं.

तुझं-माझं पहिलं बोलणंच भांडणाने सुरू झालं. मला इथे आणलं त्या दिवशी तू खाटेवरून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंस आणि म्हणालीस, "तू ती गव्हाणची ना? पनवेलच्या बाजारात माझ्याशी घासाघीस करायचीस. बोंबलाच्या वाट्यात हात घालून उलटेपालटे करायचीस." मी म्हटलं, मी तुझ्याकडून कधी मासळी घेतली नाही, माझी कोळीण वेगळी होती, ती गोड बोलायची. तू म्हणालीस, म्हणूनच तिने तुला शिळी विकली. हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. कुणी नवीन भेटायला आलं की तू त्यांच्यासमोर खटला मांडायचीस. मी अजूनही सांगते, ती मी नव्हतेच.

मग मिठाचं. माझा बाप गव्हाणच्या मिठागरात राबला, लग्नाआधी मीही राबले. तू उरणच्या कोळीवाड्यातली. मी म्हणायचे, आमच्या मिठाशिवाय तुमची सुकी मासळी आठ दिवस टिकली नसती. तू म्हणायचीस, आमची मासळी नसती तर तुमचं मीठ तुमीच चाटत बसला असता. इथलं जेवण अळणी यायचं, सगळ्यांच्या बीपीसाठी एकच भांडं. पहिला घास घेतलास की तू माझ्याकडे बघायचीस. "मिठागरवाली खोलीत हाय आणि आमटीत मीठ नाय."

हसायचो आपण. पण हसण्याखाली एक वेगळं भांडण चालू होतं, ते मला इथे लिहायचं आहे.

बाजारात तुझा आवाज मच्छीच्या ओट्यापासून एसटीच्या फाटकापर्यंत जायचा, हे तूच सांगायचीस. पावती फाडणाऱ्याला तू गप्प केलंस, हवालदाराला केलंस, नवऱ्याला तर केलंसच. आणि इथे आल्यावर तू बोलायची बंद झालीस. ओलं कापड तसंच अंगाखाली, तरी गप्प. चहा थंड आला, गप्प. एकदा मी तुझ्या वतीने आश्रमाच्या मॅडमकडे बोलले की हिला कूस बदलून द्यायला सकाळपासून कुणी आलेलं नाही, कमरेवर लाल झालंय. त्या संध्याकाळी एक बदलीवर आलेली बाई तुला कुशीवर वळवायला आली आणि तिने असं काही फिरवलं की तुझ्या दंडावर तिची बोटं उमटली. ती गेल्यावर तू माझ्यावर भडकलीस. "तू बोलतेस आणि भोगते मी. तोंड तुझं, अंग माझं. गप राहायला काय घेशील?"

मी म्हटलं, आपण गप्प बसलो म्हणूनच हे असं चालतं.

तू म्हणालीस, "मना इथून काढली तर मी जाऊ कुठं? सुरेखाच्या घरी दोन खोल्या, सासू खाटेवर. तुझा पोरगा तुला नेईल. मना कोण नेईल?"

तुझं भय खोटं नव्हतं. पण ते खरं होतं म्हणून मी गप्प बसायला हवं होतं, असंही नाही. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस, माझ्याशी बोलायची नव्हतीस म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी सुरेखाने कोलंबीचं लोणचं आणलं तेव्हा अर्धं माझ्या ताटात वाढायला लावलंस. एवढंच. भांडण तिथेच राहिलं.

त्या चतुर्थीच्या सकाळचं मी नंतर विचारून विचारून काढलं. लपवण्यासारखं कुणी काही केलंच नव्हतं. जे झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

स्वयंपाकवाली बाई आदल्या दिवशी साबुदाणा भिजत घालायला विसरली. सकाळी डबा उघडला तर कोरडा. न भिजलेल्या साबुदाण्याची खिचडी होत नाही, हे कोणत्याही बाईला कळतं. तिने ठरवलं, आता भिजवते, दुपारी करते. उपासाची माणसं काय, थांबतील. उपास म्हणजे थांबायचंच. तिने कुणाला सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी सांगण्यासारखं काही नव्हतं. इकडे शोभाने रोजच्यासारखी नाश्त्याआधीची तुझी शुगर उतरवायची गोळी दिली, पाण्याबरोबर. नाश्ता आला नाही. मग चहा दिला. शुगरची पेशंट म्हणून बिनसाखरेचा.

आणि तू मागितलं नाहीस. हेच मला खातं. नुसतं म्हणाली असतीस, "शोभा, पोटात खड्डा पडलाय, केळं दे," तर तिने दिलं असतं. ती वाईट नाही. पण उपासाच्या दिवशी भूक लागली म्हणणं तुला कमीपणाचं वाटलं. मी तुला किती वेळा म्हटलं होतं, तुझ्या गणपतीला तुझ्या रिकाम्या पोटाचं काय करायचंय, डॉक्टर नको म्हणतात तर सोड की उपास. तू म्हणायचीस, "नवरा दर्यावर जायचा तवापासून धरलाय. तो दरवेळी परत आला. आता सोडू?" माझा देवाशी तेवढा व्यवहार नाही.

तुझी शोकसभा इथल्या हॉलमध्ये झाली. फोटोला हार, समोर उदबत्ती. सुरेखा आणि जावई पुढच्या खुर्च्यांवर. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. इथलं सगळं त्याच बघतात, हुशार बाई आहेत, मराठी छान बोलतात. त्या म्हणाल्या, चांगुणाआजी पुण्यवान. संकष्टीचा उपवास असताना बाप्पाने त्यांना हाक मारली. शांतपणे, कुणालाही त्रास न देता गेल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, त्यांना बक्षीस समारंभ वाटला.

मी वॉकर धरून उभी राहिले.

"शांतपणे नाय गेली," मी म्हटलं. "गोळी दिली आणि खायला दिलं नाय, म्हणून गेली. मी शेजारी होते."

मॅडम म्हणाल्या, "पार्वतीआजी, तुम्हाला धक्का बसलाय. आपण नंतर बोलू."

"नंतर मी विसरेन. माझं वय झालंय. आत्ता बोलू."

आणि मी बोलले. बेल वर का बांधली, वॉकर लांब का ठेवतात, साखर का नाही, आणि एका मजल्यावर शोभा एकटी का. मी ओरडले नाही. ओरडलं की म्हातारी वेडी झाली म्हणायला सोपं जातं. सुरेखा रडायला लागली. मला म्हणाली, "मावशी, नको ना. आई गेली. आता कशाला?" तिच्या तोंडी तुझाच आवाज होता. मी तिला म्हटलं, आई गेली म्हणूनच, बाय. ती होती तेव्हा ती मला बोलू द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्या खोलीत आल्या, खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी तोडगा आणला होता. शोभाला कामावरून कमी करतो, म्हणाल्या, निष्काळजीपणा तिचा होता. दारात शोभा उभी होती, हातात बेडपॅन, तोंड उतरलेलं. मला क्षणभर बरं वाटलं हे खोटं का सांगू. तुझ्यासाठी कुणाला तरी शिक्षा व्हावी असं वाटत होतंच.

मग मी विचार केला. शोभा गेली की तिच्या जागी दुसरी येईल, तीही एकटी. बेल वरच राहील. साखर स्वयंपाकघरातच राहील. आणि पुढच्या वेळी कुणाला विचारलं की हे म्हणतील, त्या बाईला आम्ही काढलं, प्रश्न मिटला.

"तिला काढू नका," मी म्हटलं. "बेल खाली काढा. बोलावलं तर ती येते. बोलवायला वाट ठेवा."

मॅडम म्हणाल्या, सगळं तुमच्याच सुरक्षेसाठी आहे आजी. बेल मास्तरीणबाईंमुळे, वॉकर तुम्ही पडू नये म्हणून, साखर तर डॉक्टरांनीच नको सांगितलेली.

"हो," मी म्हटलं. "सगळं आमच्यासाठीच हाय. आमाला फक्त विचारलेलं नाय."

त्या मग म्हणाल्या की इतर नातेवाईक घाबरतील, असं सभेत बोलायला नको होतं. मी म्हटलं, घाबरू द्या. घाबरले की येऊन बघतील. मी खाटेवरून उठले नाही आणि त्यांनाही उठू दिलं नाही. त्यांच्यासाठी चहा मागवला, साखरेची डबी वेगळी. डबी माझ्या स्टुलावर ठेवायला लावली आणि ती परत नेऊ दिली नाही. अशी ती डबी इथे आली, चांगुणा. कुणी मोठ्या मनाने दिली नाही.

बेल खाली यायला आणखी भांडावं लागलं. वायरमन आला, त्याने वायर माझ्या हाताशी आणली, आणि मास्तरीणबाईंच्या उशाशी एक जुनं बटण भिंतीला ठोकून दिलं, ज्याला वायरच नाही. त्या ते दिवसभर दाबतात. समाधानी आहेत. त्यांना खरंच काही लागलं तर मी दाबते, माझी नजर त्यांच्यावर असते. वॉकर आता लादी पुसतानाही खाटेला टेकून असतो. पाय खाली टाकायचा नाही, हे वचन मी शोभाला दिलंय आणि पाळते. आणि गोळी ताटाबरोबर. ताट समोर आलं, घास तोंडात गेला, मग गोळी. शोभाने हे स्वतःच धरलं, तिला कुणी सांगावं लागलं नाही. दुसरी बाई मात्र अजून ठेवलेली नाही. मी मॅडमना रोज विचारते. त्या मला बघून जिन्याकडे वळतात. मला घाई नाही, मी इथेच आहे.

माझा रमेश येऊन गेला. त्याला कुणीतरी सभेतलं सांगितलं असणार. म्हणाला, आई, तुला इथे राहायचं नसेल तर कळंबोलीला एक नवीन सेंटर झालंय, लिफ्ट आहे, टीव्ही आहे. मी म्हटलं, मी गेले तर महिनाभरात बेल परत खिळ्याला जाईल. तो म्हणाला, ते बघायचं काम तुझं आहे का? मी म्हटलं, चांगुणाचं होतं, तिने केलं नाही, म्हणून आता माझं. त्याला कळलं नाही. तुला कळलं असतं, आणि तू म्हणाली असतीस, बघा, मेल्यावरही मलाच बोलते.

बोलणारच. तू मला अर्ध्यात सोडून गेलीस. मी बोलले की तू भोगतेस, हे तुझं म्हणणं. पण तू गप्प बसलीस आणि जास्त भोगलंस, हे माझं. यावर तुला काय म्हणायचंय ते ऐकायला मी बसले आहे. तुझ्याकडून एक बरोबर उत्तर आलं असतं याची मला खात्री आहे. तू मला कधी बिनउत्तराचं सोडलं नाहीस. तुझ्या दंडावरची ती बोटं मला अजून दिसतात, आणि कोलंबीचं लोणचं इतकं तिखट होतं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि तू म्हणाली होतीस, रड, रड, इथे दुसरं कुणी तुझ्यासाठी तेवढा जाळ वाढणार नाही. खरंच कुणी वाढत नाही.

तुझ्या खाटेवर नवीन बाई आल्या आहेत. कोन गावच्या, सावित्रीबाई. शेतं रस्त्यात गेली, मुलांनी बंगला बांधला, बंगल्यात जिने फार, म्हणून त्या इथे. त्यांनाही शुगर. आल्या त्याच दिवशी मला म्हणाल्या, माझे उपास असतात हां. मी कपाळाला हात लावला.

काल परत चतुर्थी होती. साबुदाणा भिजलेला होता, ते मी आदल्या संध्याकाळीच विचारून घेतलं. ताट आलं, गोळी आली. पण बाईंनी दोन घास घेतले, गोळी गिळली आणि ताट सरकवलं. चंद्र बघितल्याशिवाय पोटभर खात नाही म्हणाल्या. मी सांगितलं, शोभाने सांगितलं. ऐकेनात. हट्टी बाई, तुझ्याच खाटेला शोभणारी.

मी दुपारभर जपमाळ ओढावी तसं त्यांच्याकडे बघत राहिले. जेवणाची भांडी गेली आणि थोड्या वेळाने त्यांनी पदराने कपाळ पुसलं. परत पुसलं. मी नाव विचारलं तर त्यांनी आपल्या सुनेचं सांगितलं.

मी बेल दाबली आणि बोट काढलंच नाही. शोभा ओल्या हातांनी पळत आली. मी डबी उघडून धरली होती. बाईंनी तोंड घट्ट मिटून मान हलवली, उपास आहे म्हणून. शोभाला काही सुचेना.

"साखर हाय ती," मी खाटेवरून वाकून ओरडले. "साखर उपासाला चालते. आ करा."

त्यांनी आ केला. शोभाने चिमटीने गालाच्या आत ठेवली, मग परत, मग पाण्यात कालवून चमच्याने. मास्तरीणबाई आपलं बटण दाबत होत्या. बऱ्याच वेळाने सावित्रीबाईंनी डोळे नीट उघडले आणि विचारलं, चंद्र निघाला का.

तुझ्या खाटेवर, तुझ्याच चतुर्थीला. सावित्रीबाई वाचल्या.